सोयापेंडीतलं काय पचायचं राहतं, आणि एंझाइम त्यातलं किती सोडवतं

टरफल काढलेली चांगली सोयापेंड डुकराला खाऊ घातली तर एका किलोतून त्याला साधारण ३३०० किलोकॅलरी वापरण्याजोगी ऊर्जा मिळते. तीच पेंड कोंबडीने खाल्ली की आकडा २४४० च्या आसपास थांबतो. भट्टीत जाळून मोजली तर पेंडीत जवळपास ४२०० किलोकॅलरी असतात. मग कोंबडीच्या वाट्याचं जातं कुठे?

पहिला संशय प्रथिनांवर येतो आणि तो चुकीचा असतो. सोयाबीनमधल्या लायसीनची (प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांतलं एक) पचनीयता डुकरात आणि ब्रॉयलरमध्ये, म्हणजे मांसाच्या कोंबडीत, जवळपास सारखीच, ९० टक्क्यांच्या आगेमागे असते. फरकाचा थोडा भाग हिशेबाच्या पद्धतीचा आहे, कारण कोंबड्यांची ऊर्जा मोजताना शरीरात साठलेल्या नायट्रोजनची वजावट करतात. मोठा भाग मात्र कर्बोदकांचा. डुकराच्या मोठ्या आतड्यात अन्न तासन् तास रेंगाळतं, जिवाणू तंतू आंबवतात आणि त्यातून तयार झालेली मेदाम्लं डुक्कर वापरतं. ब्रॉयलरला ही सोय जवळपास नाहीच. चोचीतून आत गेलेलं खाद्य काही तासांत बाहेर पडतं. आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या नळ्या, म्हणजे सिका, असतात, पण त्यांत शिरतं ते फक्त पातळ आणि बारीक द्रव्य. भरड तंतू थेट लिटरवर, म्हणजे शेडमध्ये जमिनीवर पसरलेल्या भुशाच्या थरावर, जातात.

खाद्यात मिसळायच्या एंझाइमविषयी, म्हणजे अन्नातले जोड तोडणाऱ्या प्रथिनाविषयी, काहीही ठरवण्याआधी हा नकाशा डोळ्यांसमोर हवा. एंझाइमला पचलेल्या भागाशी काही देणंघेणं नसतं, ते चालतं फक्त राहिलेल्यावर. त्यामुळे ‘कोणतं एंझाइम चांगलं’ या प्रश्नाच्या आधी ‘आपल्या पेंडीत न पचता राहतं काय’ हा प्रश्न येतो. हा क्रम उलटा झाला की खाद्यात तीन-चार पुड्या पडतात आणि कोणती कशासाठी पडली ते कुणालाच सांगता येत नाही.

एका किलोत काय काय

४७ टक्के प्रथिनांची पेंड घ्या. किलोमागे ४७० ग्रॅम प्रथिनं, ११० ग्रॅमच्या आसपास पाणी, ६० ते ६५ ग्रॅम खनिजं, तेल काढून घेतल्यामुळे मेद १५ ग्रॅमच्या घरात. बाकीचं जवळजवळ सगळं कर्बोदक, पण धान्यात असतो तसा स्टार्च इथे नाममात्र. त्याऐवजी साखरेच्या लहान साखळ्या सव्वाशे-दीडशे ग्रॅम आणि पेशीभित्तिकेतले तंतू साधारण २०० ग्रॅम.

लहान साखळ्यांपैकी सुक्रोज म्हणजे आपली नेहमीची साखर, ती सहज पचते. उरतात स्टॅकिओज आणि रॅफिनोज. त्यांच्यातला गॅलॅक्टोजचा एक विशिष्ट जोड तोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज कोंबडीच्या आतड्यातून स्रवतच नाही. त्यामुळे या साखळ्या विरघळलेल्या अवस्थेत तशाच खाली सरकतात, पाणी ओढून घेतात आणि शेवटी जिवाणूंच्या हाती लागतात.

तंतूंचा मोठा भाग पेक्टिनच्या जातीचा, त्याच्या जोडीला सेल्युलोज आणि थोडं मॅनन. गहू किंवा मक्याच्या तंतूंत जो अरॅबिनोझायलन मुख्य असतो तो सोयाबीनमध्ये दुय्यम आहे. ही बारीकशी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवा, अरॅबिनोझायलन तोडणाऱ्या झायलनेज या एंझाइमकडे येऊ तेव्हा लागेल.

राहिला फॉस्फरस. किलोमागे साडेसहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कमी नाही. पण त्यातला साठ टक्क्यांहून अधिक फायटेट नावाच्या संयुगात बांधलेला असतो.

आधी शेक, मग एंझाइम

१९१७ मध्ये ऑसबोर्न आणि मेंडेल या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, पण तेच सोयाबीन शिजवून दिलं तर वाढतात. कारण नंतर उलगडलं. सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन अडवणारी प्रथिनं असतात. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून येणारं, प्रथिनं तोडणारं मुख्य एंझाइम. कुनित्झ नावाचं प्रतिबंधक त्याला जाऊन चिकटतं आणि मग ट्रिप्सिनची अवस्था पात्यांमध्ये चिंधी अडकलेल्या कात्रीसारखी होते: कात्री आहे, पण कापत नाही. दुसरं, बोमन-बर्क नावाचं, आकाराने लहान पण जास्त चिवट. त्याच्या रेणूत गंधकाचे सात जोड असल्याने ते उष्णतेला सहज दाद देत नाही आणि ट्रिप्सिनबरोबर कायमोट्रिप्सिनलाही अडवतं.

याचे परिणाम दोन पातळ्यांवर होतात. खाल्लेलं प्रथिन पचत नाही, हे उघडच. त्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा. ट्रिप्सिन कमी पडतंय असा संदेश मिळाला की स्वादुपिंड आणखी ट्रिप्सिन तयार करत राहतं, इतकं की पिल्लांमध्ये स्वादुपिंडाचा आकार वाढलेला दिसतो. ट्रिप्सिनमध्ये गंधकयुक्त अमिनो आम्लं भरपूर असतात. म्हणजे सोयाबीनमध्ये ज्या मेथिओनीन-सिस्टीनची मुळातच टंचाई, तीच पक्षी स्वतःच्या शरीरातून काढून आतड्यात ओतत राहतो आणि विष्ठेतून गमावतो.

उष्णतेने ही प्रतिबंधकं निकामी होतात, म्हणून तेल काढल्यानंतर पेंडीला वाफेचा शेक देतात. कमी शेकली तर प्रतिबंधकं शिल्लक राहतात. जास्त शेकली तर उलटा घोटाळा होतो. लायसीनचा एक अमिनो गट साखरेशी संयोग पावतो आणि असं बांधलं गेलेलं लायसीन पक्ष्याच्या कामाचं राहत नाही. यातला खरा धोका असा की प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने नमुना आम्लात उकळून लायसीन मोजलं तर बांधलेल्या लायसीनचा काही भाग सुटून मोजणीत येतो. अहवालात आकडा ठीकठाक, पक्ष्याच्या पोटात तूट.

म्हणून पेंडीसाठी दोन चाचण्या जोडीने बघायच्या. युरिएज हे कच्च्या सोयाबीनमधलं, उष्णतेने निकामी होणारं एंझाइम. त्याच्या चाचणीत पीएच ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान वाढला तर शेक पुरेसा झाला असं समजतात. पण ही चाचणी फक्त कच्चेपणा पकडते. आकडा शून्य आला तर पेंड नेमकी शेकली आहे की करपली आहे, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात किती प्रथिन विरघळतं ते बघतात. ७८ ते ८५ टक्के असेल तर पेंड बरी. ७० च्या खाली गेली तर ती जास्त शेकलेली आहे. याखेरीज लायसीनचं एकूण प्रथिनाशी प्रमाण काढता येतं. चांगल्या पेंडीत ते ६ टक्क्यांच्या वर असतं, बरंच खाली आलं तर शंका घ्यायला हवी.

हे सगळं एंझाइमच्या लेखात कशाला? कारण करपलेल्या पेंडीतलं बांधलेलं लायसीन बाजारातलं कोणतंही प्रोटिएज परत मोकळं करत नाही. प्रोटिएज प्रथिनांच्या साखळीतले दुवे तोडतं, साखरेशी झालेला हा संयोग उलटवणं त्याच्या आवाक्याबाहेर आहे. किंचित कच्च्या पेंडीच्या बाबतीत प्रोटिएज थोडीफार मदत करू शकतं, काही प्रोटिएज ही प्रतिबंधकंही तोडतात. पण त्या भरवशावर कच्ची पेंड घेणं म्हणजे दुखणं विकत घेऊन औषध फुकट मागण्यासारखं झालं.

फायटेज: कमवून दाखवणारं एंझाइम

फायटेट म्हणजे इनॉसिटॉलचं एक कडं आणि त्याला चिकटलेले सहा फॉस्फेट गट. मक्यात त्याचा बहुतेक साठा अंकुरात असतो. सोयाबीनमध्ये तो दाण्यात सगळीकडे, प्रथिनं साठवणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांमध्येच पसरलेला असतो. म्हणजे चाळून किंवा टरफल काढून वेगळा करायची सोय नाही.

कोंबडीकडे फायटेट तोडणारं स्वतःचं एंझाइम, म्हणजे फायटेज, नगण्य. म्हणून हा फॉस्फरस न वापरला जाता विष्ठेत जातो आणि त्याची भरपाई डायकॅल्शियम फॉस्फेट घालून करावी लागते. खतातून जमिनीत आणि पाण्यात साचणाऱ्या फॉस्फरसमुळे नेदरलँड्समध्ये निर्बंध आले आणि १९९१ मध्ये तिथेच पहिलं व्यापारी फायटेज बाजारात उतरलं. सुरुवातीला त्याच्याकडे पर्यावरणाचा नियम पाळण्याचं साधन म्हणूनच पाहिलं जायचं. २००१ पासून युरोपीय संघाने पशुखाद्यात मांस-हाडांच्या भुकटीवर बंदी घातली. पचण्याजोग्या फॉस्फरसचा एक मोठा स्रोत गेला, सोयाबीनवरचा भार वाढला आणि फायटेज चैनीची वस्तू राहिलं नाही.

पण फायटेजची किंमत फॉस्फरसमध्येच मोजली तर अर्धीच गोष्ट कळते. पूर्वजठर (आम्ल सोडणारं पहिलं जठर) आणि गिझार्डमध्ये (खाद्य भरडणाऱ्या स्नायूंच्या जठरात) आम्लता तीव्र असते. तिथे प्रथिनांवर धन भार येतो, फायटेटवर ऋण भार असतो, आणि दोघं एकमेकांना धरून न विरघळणारा गोळा करतात. जठरात प्रथिनं तोडणाऱ्या पेप्सिन या एंझाइमला त्यात नीट शिरता येत नाही. पक्षी यावर आणखी आम्ल आणि पेप्सिन सोडतो. मग आतड्याच्या अस्तराला त्या आम्लापासून वाचवण्यासाठी श्लेष्मल द्रव्यही जास्त सोडावं लागतं. या श्लेष्म्यात थ्रिओनीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि ते पुरतं परत शोषलं जात नाही. थोडक्यात, फायटेट खाद्यातलं प्रथिन तर अडवतंच, वर पक्ष्याच्या स्वतःच्या अमिनो आम्लांचाही खर्च वाढवतं.

म्हणून फायटेजचा वेग महत्त्वाचा. सहापैकी दोन-तीन फॉस्फेट गट सुटले की फायटेटची प्रथिनं आणि खनिजं धरून ठेवण्याची ताकद झपाट्याने घटते. हे काम क्रॉप (गळ्याजवळची खाद्य साठवणारी पिशवी), पूर्वजठर आणि गिझार्डमध्येच उरकायला हवं. पुढे लहान आतड्यात पीएच ६ च्या वर जातो, कॅल्शियम फायटेटला घट्ट धरतं आणि एंझाइमला तिथे फारसं काही करता येत नाही. शेवटी एकूण किती फॉस्फरस सुटला यापेक्षा तो किती लवकर सुटला यावर अमिनो आम्लांचा फायदा ठरतो. नेहमीची मात्रा किलोमागे ५०० युनिट असताना काही ठिकाणी १५०० किंवा त्याहून जास्त वापरतात, त्यामागचा विचार हाच आहे.

युनिटबद्दलही एक गोष्ट. एक युनिट म्हणजे ३७ अंश सेल्सिअस आणि पीएच ५.५ असताना सोडियम फायटेटपासून एका मिनिटात एक मायक्रोमोल फॉस्फेट सोडवण्याइतकं एंझाइम. पण गिझार्डमधला पीएच असतो ३ च्या आसपास. पीएच ५.५ ला सारखे गुण मिळवणारी दोन फायटेज पीएच ३ ला अगदी वेगळी वागू शकतात. पेप्सिनचा मारा किती सोसायचा, यातही फरक पडतो. त्यामुळे पाकिटावरचे युनिट पाहून दोन उत्पादनांची तुलना करू नये.

रोकड हिशेब असा: ५०० युनिटच्या मात्रेतून मका-सोया खाद्यात ०.१२ टक्के फॉस्फरस सुटला असं धरू. टनामागे १.२ किलो फॉस्फरस. १८ टक्के फॉस्फरस असलेल्या डायकॅल्शियम फॉस्फेटमधून तेवढाच मिळवायचा तर साडेसहा किलोंहून अधिक लागेल. हा फायदा खाद्याच्या सूत्रातच दिसतो, तो शोधावा लागत नाही. मात्र फॉस्फेट कमी करताना कॅल्शियमसाठी घातलेल्या चुनखडीचा विचार सोडला तर केलेलं वाया जातं. जास्त आणि फार बारीक दळलेली चुनखडी गिझार्डचा पीएच वाढवते आणि फायटेटला बांधूनही ठेवते. ‘फायटेज चालत नाही’ अशी तक्रार आली तर मी आधी कॅल्शियमचा आकडा विचारेन.

प्रोटिएज: अपेक्षा जरा आवरून

प्रोटिएज विकताना टक्केवारी बोलते, म्हणून आधी कमाल मर्यादा काढू. पिल्लांच्या सुरुवातीच्या, म्हणजे स्टार्टर, खाद्यात ३५ टक्के सोयापेंड आणि पेंडीत ४६ टक्के प्रथिन असेल तर किलोभर खाद्यात सोयाबीनचं प्रथिन झालं १६१ ग्रॅम. पचनीयता ८७ टक्के धरली तर १४० ग्रॅम पचलं, २१ उरलं. एंझाइमची अख्खी कर्मभूमी ही २१ ग्रॅम. त्यातलं पाव सुटलं तरी किलोमागे ५ ग्रॅम. सव्वादोन किलोंचा पक्षी होईपर्यंत जे साडेतीन किलोंच्या आसपास खाद्य लागतं, त्यात पुढे सोयाबीनचं प्रमाण घटत जातं हे धरून, एका पक्ष्यामागे जेमतेम १५ ग्रॅम प्रथिन. दहा हजार पक्ष्यांत तेच दीडशे किलो होतं. एकेका पक्ष्याच्या वजनात ते दिसणार नाही, पण खाद्याच्या हिशेबात त्याला जागा आहे.

आता दुसरी बाजू. पेंडीची मूळ पचनीयता ८७ ऐवजी ८० टक्के असेल तर न पचलेला भाग ३२ ग्रॅम होतो आणि त्याच प्रोटिएजला दीडपट काम मिळतं. चाचण्यांमधून वारंवार हेच दिसतं की मूळ पचनीयता जितकी कमी तितका प्रोटिएजचा परिणाम जास्त. अमिनो आम्लांमध्येही असंच: आधीच चांगल्या पचणाऱ्या लायसीन-मेथिओनीनपेक्षा मागे पडणाऱ्या थ्रिओनीन आणि सिस्टीनमध्ये सुधारणा अधिक. त्यामुळे ‘पचनीयता अमुक टक्क्यांनी वाढते’ असा सरसकट दावा ऐकला की विचारावं, कुठपासून वाढते?

न पचलेल्या प्रथिनाचा उपद्रव मात्र त्याच्या ग्रॅमपेक्षा मोठा असतो. ते खाली सिकांत पोचतं, तिथे कुजतं, आणि क्लॉस्ट्रिडियमसारख्या जिवाणूंचं फावतं. विष्ठेतला नायट्रोजन वाढला की लिटरमधून अमोनिया जास्त उठतो. त्यातच सोयापेंडीत पोटॅशियम सुमारे २ टक्के. ते मूत्रातून बाहेर टाकायला पक्षी पाणी जास्त पितो आणि लिटर ओलं होतं. तळपायाच्या जखमा इथूनच सुरू होतात. प्रोटिएजच्या जोडीने खाद्यातलं एकूण प्रथिन थोडं खाली आणलं, पेंड घटवली आणि तूट सुट्या अमिनो आम्लांनी भरून काढली तर लिटरमध्ये दिसणारा फरक कधीकधी वजनापेक्षा ठळक असतो. माझ्या मते प्रोटिएजचा खरा उपयोग इथे आहे.

पहिल्या आठवड्याचा वेगळा उल्लेख हवा. पिल्लाचं स्वादुपिंड अजून भरात आलेलं नसतं, स्वतःची एंझाइम कमी पडतात आणि प्रथिनांची पचनीयता मोठ्या पक्ष्यापेक्षा कमी असते. बाहेरून दिलेल्या मदतीला तेव्हा वाव जास्त, आणि नेमकं तेव्हाच खाद्यात सोयापेंडीचं प्रमाणही सर्वांत जास्त असतं.

तंतूंची एंझाइम: नाव नाही, लक्ष्य बघा

बार्लीच्या खाद्यात एंझाइम घातलं की पिल्लांची वाढ सुधारते आणि चिकट विष्ठा कमी होते, हे १९५० च्या दशकातच दिसलं होतं. पुढे गव्हासाठी झायलनेज आलं. दोन्ही ठिकाणी कारण एकच होतं. त्या धान्यांतले विद्राव्य तंतू आतड्यातलं द्रव्य घट्ट, बुळबुळीत करतात. साखळी एक-दोन ठिकाणी तोडली तरी तो घट्टपणा मोडतो. थोड्या एंझाइममध्ये मोठं काम होतं.

सोयाबीनमध्ये हे गणित लागू होत नाही. त्याचे तंतू बहुतांश अविद्राव्य, शिवाय पेक्टिनच्या जातीचे. पेक्टिनची रचना फांद्याफांद्यांची, वेगवेगळ्या साखरांची आणि वेगवेगळ्या जोडांची. एका एंझाइमने ती उलगडत नाही. झायलनेज इथे घालून सोयाबीनकडून अपेक्षा करणं चूक. ते खाद्यातल्या मक्यावर किंवा गव्हावर चालतं आणि श्रेय कधीकधी सोयाबीनच्या खात्यात जमा होतं. सोयाबीनवर काम करायचं तर पेक्टिनेज, गॅलॅक्टनेज, सेल्युलेज अशा अनेक क्रियांचं मिश्रण लागतं. अशा मिश्रणाचं उद्दिष्ट तंतूंपासून साखर मिळवणं नसून पेशीभित्तिकेला भोकं पाडून आत अडकलेलं प्रथिन उघडं करणं हे असतं. काही तासांच्या प्रवासात तंतूंचं पूर्ण विघटन करून ऊर्जा मिळवता येईल, असं कुणी म्हणत असेल तर ते फार झालं.

बीटा-मॅननेजचं प्रकरण जरा निराळं आहे. सोयापेंडीत मॅनन एक-दीड टक्काच. तेवढं पूर्ण पचवलं तरी ऊर्जेत फरक नगण्य. तरीही काही चाचण्यांत परिणाम दिसतो. त्याचं दिलं जाणारं स्पष्टीकरण असं की मॅननची रचना रोगजंतूंच्या पृष्ठभागावरच्या रेणूंसारखी भासते. पक्ष्याची जन्मजात प्रतिकारयंत्रणा शत्रू आला समजून सज्ज होते आणि नसलेल्या लढाईत ऊर्जा खर्च करते. मॅननेजने साखळीचे तुकडे केले की ही चाहूल थांबते. म्हणजे इथे वाचवलेली ऊर्जा पेंडीतली नाही, पक्ष्याच्या अंगातली. म्हणूनच पचनीयतेच्या तक्त्यात मॅननेज कधीकधी फिकं दिसतं आणि एफसीआरमध्ये (किलोभर वजनवाढीला किती खाद्य लागलं त्या आकड्यात) उजवं.

स्टॅकिओज-रॅफिनोजसाठी अल्फा-गॅलॅक्टोसिडेज आहे. या साखळ्या इथेनॉलने धुऊन काढल्या तर पेंडीची ऊर्जा साधारण २० टक्क्यांनी वाढते, असं १९९० च्या एका प्रयोगात दिसलं आणि आशा पल्लवित झाल्या. नंतरच्या काही प्रयोगांत तसं काही आढळलं नाही. तेव्हा मका-सोया खाद्यात याचा क्रम मी फायटेज आणि प्रोटिएजच्या नंतर लावेन.

बेरीज चुकते ती कुठे

प्रत्येक एंझाइमबरोबर एक तक्ता येतो: इतकी ऊर्जा, इतकं लायसीन, इतका फॉस्फरस मिळाल्याचं धरा आणि तेवढं सूत्रातून कमी करा. एकच एंझाइम असेल तोवर हे चालतं. तीन घातली आणि तिन्ही तक्त्यांची बेरीज केली की गडबड होते. न पचलेलं प्रथिन २१ ग्रॅमच आहे. त्यातलं फायटेजने सोडवलेलं प्रोटिएजला पुन्हा सोडवता येत नाही. काही जोड्या एकमेकांना मदत करतात, पेशीभित्तिका फुटली तर आतला फायटेट उघडा पडतो. पण दोन परिणामांची बेरीज पूर्ण लागते असं फार क्वचित. बेरजेच्या भरवशावर लायसीन कमी केलं तर पक्षी काही दिवसांत हिशेब दाखवतो, छातीच्या मांसात.

उलट टोकही आहे. सूत्र तसंच ठेवून वर एंझाइम टाकायचं. खाद्यात सगळं गरजेपुरतं किंवा गरजेहून जास्त असेल तर सुटलेल्या जादा अमिनो आम्लांचं पक्षी करणार काय? ती तोडून युरिक आम्ल म्हणून बाहेर टाकणार, आणि त्यासाठी वर ऊर्जाही खर्च करणार. मग निष्कर्ष निघतो की एंझाइम निरुपयोगी.

कोणताही चाचणी अहवाल वाचताना म्हणूनच गट बघावेत. भरपूर पोषणाचं एक खाद्य, मुद्दाम कमी केलेलं दुसरं, आणि त्या कमी केलेल्यात एंझाइम घातलेलं तिसरं, असे तिन्ही गट असतील आणि तिसरा पहिल्याच्या जवळ पोचत असेल तर त्या अहवालाला वजन आहे. दुसरा गट पहिल्यापेक्षा मागे पडलाच नसेल, तर एंझाइमला भरून काढायला तूटच नव्हती.

पचनीयता कुठे मोजली हेही बघा. विष्ठेत मोजली तर सिकांतल्या जिवाणूंनी केलेली उलथापालथ आणि मूत्रातला नायट्रोजन त्यात मिसळतो, कारण पक्ष्याची मूत्र-विष्ठा एकत्रच पडते. अमिनो आम्लांसाठी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला, म्हणजे इलियममधला, नमुना घेतात. त्यासाठी खाद्यात टायटॅनियम डायऑक्साइडसारखा न पचणारा खुणेचा पदार्थ मिसळतात. समजा कोरड्या वजनावर खाद्यात तो किलोमागे ५ ग्रॅम होता आणि इलियमच्या द्रव्यात २० ग्रॅम निघाला. म्हणजे बाकीचं पचत गेल्यामुळे तो चौपट दाट झाला. खाद्यात लायसीन १२ ग्रॅम होतं. अजिबात पचलं नसतं तर तेही चौपट, ४८ ग्रॅम दिसलं असतं. प्रत्यक्षात निघालं ६. आठवा भाग उरला, म्हणजे पचनीयता ८७.५ टक्के. यात पक्ष्याच्या स्वतःच्या स्रावांतलं लायसीनही मिसळलेलं असतं. ते वजा केलेला आकडा आणि न केलेला आकडा शेजारी ठेवून तुलना करू नये.

गिरणीत काय होतं

एंझाइम स्वतः प्रथिनच आहे. पेलेट, म्हणजे खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, करताना खाद्य वाफेने ८० ते ९० अंशांपर्यंत तापतं. ज्या उष्णतेने ट्रिप्सिन-प्रतिबंधक मरावं अशी आपली इच्छा असते, तशाच उष्णतेत घातलेलं एंझाइमही मरू शकतं. यावर तीन मार्ग आहेत: मुळात उष्णता सोसणारं एंझाइम, लेप दिलेले दाणे, किंवा पेलेट थंड झाल्यावर द्रवरूप फवारणी. लेप फार पक्का असेल तर दाणा क्रॉपमध्ये उशिरा विरघळतो आणि फायटेजचा मोलाचा वेळ जातो. फवारणीत सगळ्या पेलेटवर सारखं बसवणं अवघड.

दळणाचाही संबंध आहे. थोडे भरड कण असतील तर गिझार्ड मजबूत होतं, खाद्य तिथे जास्त वेळ थांबतं आणि आम्लात काम करणाऱ्या एंझाइमला अधिक मिनिटं मिळतात. पिठासारखं बारीक खाद्य गिझार्डमधून घसरून जातं.

एंझाइम घातल्यानंतर काही फरक दिसला नाही, तर पाकीट बदलण्याआधी तयार पेलेटचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यात जिवंत क्रिया किती शिल्लक आहे ते मोजून घ्यावं. मिक्सरमध्ये ५०० युनिट पडली होती यावरून पक्ष्याच्या चोचीपर्यंत किती पोचली ते कळत नाही. त्याच दिवशी त्याच खेपेतल्या सोयापेंडीचा नमुनाही युरिएज आणि विद्राव्य प्रथिनासाठी पाठवावा. दोन्ही अहवाल हातात आले की निम्म्या शंका तिथेच मिटतात.